सातपुड्याकडची खिडकी : खान्देशात एसटी-रेल्वेने रमतगमत कसं फिरायचं

धरणगाव ते अमळनेर असं अपडाऊन मी सतरा वर्षं केलं. सतरा वर्षांत खिडकीबाहेर क्वचितच पाहिलं असेल. शाळेचं मस्टर, पहिली घंटा, पॅसेंजर किती लेट, डोक्यात सगळं तेवढंच. निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात बहिणीकडे जायला स्टेशनवर गेले, तर गाडी चाळीस मिनिटं लेट. सवयीने कपाळाला आठ्या पडल्या आणि मग लक्षात आलं की आता कुणी वाट पाहत नाहीये. बाकावर बसले. शेजारच्या आजोबांनी पिशवीतून शेंगा काढल्या, न विचारता मूठभर माझ्या पदरात टाकल्या. गाडी आली तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

तेव्हापासून महिन्यातून एक-दोनदा मी बिनकामाची फिरते. एसटी, पॅसेंजर, मेमू (विजेवरची छोट्या पल्ल्याची पॅसेंजर), जे मिळेल ते. दारात दोन चाकी, चार चाकी असताना हे काय खूळ, असं जाऊबाई म्हणतात. पण हल्ली ओळखीचे लोक विचारायला लागलेत की आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दिवस ठरवताना

दिवाळी ते होळी हा आपला खरा मोसम. ऑक्टोबरपासून कपाशी फुटलेली असते, डिसेंबरात नंदुरबारकडे मिरची वाळत पडलेली असते, आणि मुख्य म्हणजे ऊन माणसात असतं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. तेव्हा एसटीच्या खिडकीची पट्टीसुद्धा हाताला चटका देते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहाटेची पहिली गाडी धरा आणि अकराच्या आत कुणाच्या तरी ओसरीवर पोचा.

वार कोणता, हे त्याहून महत्त्वाचं. नव्या माणसाला वाटतं, रविवार मोकळा, गाड्याही मोकळ्या असतील. पण खेड्यांकडच्या बऱ्याच फेऱ्या चालतात त्या शाळा-कॉलेजच्या पोरांच्या जिवावर. रविवारी, दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातल्या कितीतरी फेऱ्या रद्द असतात आणि तुम्ही फाट्यावर तिष्ठत राहता. म्हणून आडवार धरा, मंगळवार-बुधवार वगैरे. सकाळी साडेदहापर्यंत पोरांची गर्दी उतरून जाऊ द्या आणि मग निघा. त्या गावाचा आठवडे बाजार असला तर उत्तमच. गर्दी असते, पण ती बघण्यासारखी असते.

दोन मुहूर्त मात्र टाळा. आखाजीला खान्देशातल्या साऱ्या लेकी माहेरी निघतात. आपल्याकडे दिवाळीपेक्षा आखाजीचं कौतुक जास्त, त्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दोन दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते. दुसरा मुहूर्त कानबाईचा, म्हणजे आपल्या खान्देशच्या देवीचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सुरतेत, पुण्यात, नाशकात पोटासाठी गेलेला माणूस त्या दिवशी गावी पोचतोच. ही गर्दी हौसेने पाहायची तर आरक्षण करून जा. आम्ही एकदा बिनआरक्षणाचं गेलो आणि नवापूरपासून एका ड्रमवर बसून आलो.

पाटी वाचायची ती 'मार्गे'पासून

स्टँडवर गेल्यावर लोक गाडीच्या पाटीवर शेवटचं गाव वाचतात. तुम्ही मधला बारीक अक्षरातला 'मार्गे' वाचा. जळगावहून धुळ्याला जाणारी गाडी एरंडोल-पारोळ्यावरून महामार्गाने जाते, आणि धरणगाव-अमळनेरवरूनही जाते. पहिली तुम्हाला पोचवते. दुसरी गावोगाव थांबत, चावडीला, शाळेला, पारावरच्या म्हाताऱ्यांना वळसा घालत जाते. आपल्याला दुसरी हवी. 'जलद' लिहिलेलं असेल तर सोडून द्या, 'विनाथांबा' असेल तर बघूही नका. साधी गाडी, म्हणजे जिला आता सगळे लालपरी म्हणतात, ती आपली.

चौकशीच्या खिडकीवर दोन प्रश्न विचारायचे : ही गाडी कोणत्या मार्गे जाते, आणि तिकडून परतीची शेवटची गाडी किती वाजता. पण परतीचं उत्तर तिथेच संपवू नका. एका आगाराच्या खिडकीवर मला शांतपणे सांगितलं होतं, "साडेसहाची आहे ना, बिनधास्त जा." साडेसहा वाजले, सात वाजले, अंधार पडला. फाट्यावरच्या टपरीवाल्याने दिवा लावता लावता सांगितलं की ती फेरी चार महिन्यांपासून बंद आहे. दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे बसून घरी आले. पातळाला आठवडाभर दुधाचा वास. तेव्हापासून परतीचं मी ज्या गाडीने जाते तिच्या वाहकालाच विचारते. त्याला रोज त्याच रस्त्याने परत यायचं असतं.

कुठल्या बाजूला बसायचं

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा आहे, आणि यावर मी घरात भांडलेली आहे.

खान्देशातले मोठे रस्ते आणि सुरतेकडचा लोहमार्ग बहुतेक पूर्व-पश्चिम जातात, तापीच्या खोऱ्याला धरून. दिवाळी ते होळी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे दिवसभर ऊन दक्षिणेच्या खिडक्यांत. उत्तरेच्या बाजूला सावली, आणि उत्तरेलाच सातपुडा. तेव्हा पश्चिमेला निघालात, जळगावहून अमळनेरकडे, तर उजवीकडची खिडकी धरा. पूर्वेला परतताना डावीकडची. सावली नि डोंगर एकाच खिडकीत मिळतात. पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ अगदी लांबूनही दिसते. यावल, चोपडा, शहादा या पट्ट्यात तर तो पार जवळ येतो. मे-जूनमध्ये या नियमाचा उपयोग नाही, कारण सूर्य थेट डोक्यावर असतो आणि दोन्ही बाजू सारख्याच भाजतात.

सीट मधली घ्या. चाकावरची सीट घेतली की गुडघे छातीला लागतात, आणि शेवटच्या बाकावर बसलात तर प्रत्येक गतिरोधकाला जागचे उडाल. चालकाच्या मागची पहिली खिडकी मिळाली तर समोरचा रस्ता दिसतो, पण तिथे इंजिनाची धग असते आणि पायांत कुणाची ना कुणाची गोणी येऊन पडते.

रुमाल टाकून जागा धरायची पद्धत अजून चालू आहे. खालून खिडकीतून टोपी, टॉवेल, एकदा तर मी वांग्यांची पिशवी आत जाताना पाहिली. तुम्ही बिनकामाचे प्रवासी आहात, तुम्ही हे करू नका. पहिली गाडी भरून गेली तर जाऊ द्या.

तिकीट

बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं. १७ मार्च २०२३ पासून ही सवलत सुरू झाली आणि त्या दिवसापासून दुपारच्या गाड्यांचं रूप पालटलं. पूर्वी दुपारी गाडीत बाजाराला गेलेले बापे असायचे, आता मंदिराला, बहिणीकडे, नुसतंच डोळे तपासायला निघालेल्या बायका असतात. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं भाडं आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे, २६ ऑगस्ट २०२२ पासून, प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. चार-सात दिवस सलग हिंडायचं असेल तर महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्या, तो चार दिवसांचा नि सात दिवसांचा असा मिळतो. तोही दर वेळी मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीइतकाच सांभाळा.

सुटे पैसे न्या. आता वाहकाकडच्या मशीनवर मोबाइलनेही पैसे देता येतात, पण दोन गावांच्या मधे रेंज जाते आणि ते चाक गोल गोल फिरत राहतं. मागे चाळीस माणसं उभी असतात.

रेल्वेचं वेगळं. पॅसेंजरचं तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही, हे बजावून सांगते, कारण दंड भरलेले माझ्याच घरात आहेत. दोनशे किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढल्यावर तीन तासांच्या आत, किंवा त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत, निघावं लागतं. सकाळीच दिवसभराच्या सगळ्या टप्प्यांची तिकिटं काढून ठेवायचा शहाणपणा म्हणूनच चालत नाही. दर स्टेशनवर उतरायचं, खिडकीवर जायचं, नवं तिकीट काढायचं.

एक पूर्ण चक्कर : जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव

पहिल्यांदा निघणाऱ्याला मी हीच चक्कर सुचवते. दोन लोहमार्ग, एक एसटी, एक छोटी शाखा लाइन, दिवसभराचं काम.

जळगावहून सुरतेकडची सकाळची पॅसेंजर घ्या. ती नाही जमली तर अमळनेरला थांबणारी कुठलीही. उजवी खिडकी. शहर संपता संपता गिरणेचा पूल येतो. पाणी असेलच असं नाही, बहुधा वाळू असते आणि त्या वाळूत गाढवं. मग पाळधी, धरणगाव. पूर्वी ही लाइन एकेरी होती आणि समोरच्या गाडीला वाट द्यायला आमची पॅसेंजर धरणगावला अर्धा-अर्धा तास उभी असायची. तेवढ्यात बायका भाज्या निवडून घ्यायच्या, मी वह्या तपासायची. दुहेरीकरण झालं आणि ते उभं राहणं गेलं. वेळ वाचतो, मान्य आहे. माझ्या वह्या मात्र घरी यायला लागल्या.

अमळनेरला दोन-तीन तास द्या. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे. तत्त्वज्ञान मंदिर आहे, शांत, गर्द झाडीतलं. बोरी नदीच्या वाळवंटात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, एरवी तिथे पोरं क्रिकेट खेळतात. बाजारात कुठेही शेवभाजी मिळेल. तिखट सांगू नका, न सांगताच तिखट येते.

मग एसटी स्टँड. इथे कान उघडे ठेवा. गाडी लागली की वाहक ओरडतो, "धुये, धुये, धुये!" अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो. अमळनेरचं अमयनेर, जळगावचं जयगाव. पाहुणा माणूस पाटीवर 'धुळे' शोधत उभा राहतो आणि गाडी निघून जाते.

अमळनेर-धुळे तासाभराचा रस्ता, पण माझ्या मते चक्करीतला सर्वांत भरलेला तास हाच. मागच्या पौषातली गोष्ट. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर टोपली, टोपलीत भरताची वांगी. ती मोठी, फिकट हिरवी, जवळजवळ पांढरी असतात तसली. बसल्या बसल्या विचारलं, "कोन गावनी व माय तू?" मी गाव सांगितलं. पुढचा प्रश्न, "कोनी पोर?" माझं वय एकसष्ट. कुणाची पोर म्हणून मला कुणी विचारल्याला जमाना झाला होता. वडिलांचं नाव सांगितलं, तिला माहीत नव्हतं, पण तिने त्यावरून चार गावांतली आमच्या आडनावाची घरं काढली आणि एक लांबचं नातं जुळवलंच.

मग विषय वांग्यांवर आला. गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे भरीत नव्हे, तिचं ठाम मत. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, जाळात वांगी टाकायची, साल काळी पडून फुटली की काढायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची हिरवी पात, वरून शेंगदाणे. तेल किती, असं विचारलं तर हाताचा खळगा करून दाखवला. पारखही शिकवली : वांगं हातात घ्यायचं, दिसतं त्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर बी धरलंय. तिने एक माझ्या हातात दिलं, मग दुसरं दिलं. खरंच फरक होता. उतरताना दोन वांगी माझ्या पिशवीत ठेवली आणि पैसे काढले तर रागावली.

म्हणून पिशवीत एक रिकामी पिशवी हवीच. शिवाय पाण्याची मोठी बाटली, डोक्याला बांधायला सुती रुमाल, देण्यासाठी काहीतरी. चिवडा, बोरं, गूळ-शेंगदाणे, काहीही. घेणारा फक्त घेत राहिला तर दुपारनंतर अवघडल्यासारखं होतं. आणि कानात वायरी घालू नका. वायर दिसली की कुणी बोलत नाही.

धुळ्यात स्टँडवरून रेल्वे स्टेशनला रिक्षा करा. इतिहासाची आवड असेल तर वाटेत राजवाडे संशोधन मंडळ आहे का उघडं ते बघा; इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रं तिथे जपून ठेवली आहेत. पण मेमूच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या.

धुळे-चाळीसगाव ही सत्तावन्न किलोमीटरची शाखा लाइन. बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा अशी स्टेशनं. काही ठिकाणी फलाटावर एक कडुनिंब आणि एक बाक, बस. दुपारी डावीकडे बसा. चाळीसगाव जवळ आलं की समोर सातमाळ्याचे डोंगर उभे राहतात. गाडीत दूधवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली जोडपी. मला ही लाइन आवडते, कारण हिला कुठे जायची घाई असण्याचं कारणच नाही. शेवट ठरलेला आहे.

छोट्या लाइनींवरून आठवलं. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी नॅरोगेज, आमची पीजे, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. शेंदुर्णी, पहूर करत ती इतकी सावकाश जायची की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची, असं सगळे सांगतात. मी स्वतः कुणाला चढताना पाहिलेलं नाही, उतरताना पाहिलंय.

चाळीसगावला जळगावची गाडी लगेच मिळाली तरी घेऊ नका. स्टेशनच्या जवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन. १९१२ साली जन्मलेला हा माणूस मुंबई-विलायत पाहून चाळीसगावला परतला आणि पुढची अनेक दशकं या घराबाहेर क्वचितच पडला. चित्रं, शिल्पं, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून काढलेली फोटोग्राफी, जिने त्यांना जगभर बक्षिसं मिळवून दिली. असं सांगतात की आपली प्रेयसी पंजाब मेलने येईल या वाटेवर ते रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडं ठेवत. १९८९ साली ते गेले. आत फिरताना मधेच स्टेशनवरच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो आणि माणूस नकळत दाराकडे बघतो.

शेवटचा टप्पा मुख्य लाइनवरचा, ब्याण्णव किलोमीटरच्या आसपास. कजगाव, पाचोरा, म्हसावद, शिरसोली. संध्याकाळ असेल, उजवीकडे बसा, ऊन पाठीमागून येतं.

नवापूरचा बाक

दुसरी सहल नंदुरबार-नवापूर. दोंडाईचा, नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत मिरचीच्या पथाऱ्या लागतात, मोकळ्या माळावर लालभडक. खिडकी बंद केली तरी डब्यात शिंका सुरू होतात. नवापूर स्टेशनच्या मधूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द गेली आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. एका बाकावर हद्दीची रेघ मारून अर्ध्यावर महाराष्ट्र, अर्ध्यावर गुजरात लिहिलंय. घोषणा चार भाषांत होतात. फोटो काढा, पण नंतर त्याच बाकावर पुढची गाडी येईपर्यंत बसाही.

मुक्कामी गाडी

हे सगळं जमलं की मग मुक्कामीच्या वाटेला जा. संध्याकाळी तालुक्याच्या आगारातून निघून ही गाडी शेवटच्या गावाला जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत फिरते. चालक-वाहक गावातच निजतात. अट एकच : त्या गावात तुमच्या ओळखीचं घर हवं. तिथे लॉज नसतो, आणि असा पाहुणा दारात उभा करणं गावालाही अवघड जातं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला दिलीय. तिच्याकडे गेले होते. गाडीने शेवटचं वळण घेतलं तेव्हा आत आम्ही सहाच जण उरलो होतो आणि वाहक तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून एका पोराला गणित समजावत होता. पारापाशी गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि तोवर मला कळलंच नव्हतं की आपण किती मोठ्या आवाजात बोलत होतो. समोरच्या घरातून कुणीतरी चालकासाठी पाण्याची कळशी आणून ठेवली. रात्री त्या दोघांचं जेवण माझ्या विद्यार्थिनीच्याच घरी. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, आणि त्यांच्या डब्यातली भेंडी सगळ्यांत वाटून.

पहाटे पाचला चालकाने इंजिन सुरू करून तसंच ठेवलं. हा गावाला इशारा. दहा मिनिटांत दुधाचे कॅन आले, शहराला निघालेली दोन पोरं आली, एक बाई तान्ह्या बाळाला शालीत गुंडाळून आली. वाहकाने दोरी ओढायच्या आधी मोजणी केली आणि थांबला. "आप्पा कुठंय?" कुणीतरी धावत गेलं. आप्पा टोपी घालत, एका हातात चप्पल घेऊन आले. मग दोन टोले पडले.

अशा गाडीला पहाटे डावी-उजवी पाहू नका. जी जागा मिळेल ती घ्या, आणि खिडकीची काच लावून ठेवा, थंडी फार असते.